गाडीचं वय आणि गाडीचा गंज

परदेशात पीएच.डी. करून तिथेच संशोधनाच्या नोकरीला लागलेल्या माणसाचे शनिवार-रविवार कसे जातात ह्याबद्दल तिकडे बऱ्याच रम्य कल्पना आहेत. माझे निम्मे शनिवार पाठीवर पडून, डोळ्यांत गंजाचा भुगा जाऊ नये म्हणून चष्मा लावून, १९९९ सालच्या एका जीपखाली जातात. थोडी हौस आहे, नाही असं नाही. पण मुख्य कारण हिशोबाचं आहे. इथे ग्वेल्फमध्ये साध्या गॅरेजलासुद्धा कामाचे तासाला सव्वाशे-दीडशे डॉलर मोजावे लागतात आणि जुन्या गाडीचं कुठलंच काम एका तासात होत नाही. म्हणून इथे प्राध्यापक, नर्स, बँकेतला कारकून असे सगळेच हातात पाना घेतात. आपल्याकडे गणित बरोब्बर उलटं असतं. मिस्त्रीचा दिवस स्वस्त आणि सुटा भाग महाग. त्यामुळे इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनही गाडीखाली जायची वेळ आपल्यावर येत नाही.

तर, ह्या जीपखाली पडून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. गाडी मोडीत काढायची की नाही हे तिच्या जन्मसालावरून ठरवणं म्हणजे तपासणीचा कंटाळा आहे. गाडीला वय असतं ते तिच्या पत्र्याला, नळ्यांना, धुराला. कागदावरच्या सालाला नव्हे. आपल्याकडे सध्या ह्या विषयाचं जे चाललंय त्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी ही जीप आणि इथलं मीठ सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

गाडी म्हणजे जीप चेरोकी, चौकोनी खोक्यासारखी दिसणारी. हे मॉडेल १९८४ ते २००१ पर्यंत निघालं. इंजिन चार लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत, बिडाचा ब्लॉक. त्याचा मूळ आराखडा १९६४ सालचा, अमेरिकन मोटर्सचा. गाडी तीन लाख किलोमीटरकडे आली आहे आणि इंजिन अजून पहाटेच्या उणे वीस तापमानात एका चावीत सुरू होतं. तेल वेळेवर बदला, पाणी कमी पडू देऊ नका, बास. इंजिनासाठी मला गाडीखाली जावं लागत नाही. जावं लागतं ते गंजासाठी.

इथे नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ टाकतात. साधं मीठ, आपण आमटीत घालतो तेच सोडियम क्लोराइड, फक्त जाडंभरडं. पाण्यात मीठ मिसळलं की ते शून्याला गोठत नाही. प्रयोगशाळेत हे उणे २१ अंशांपर्यंत खेचता येतं, रस्त्यावर मात्र उणे दहा-बाराच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही. सगळ्या कॅनडात मिळून दरवर्षी सुमारे पन्नास लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. ग्वेल्फपासून सव्वाशे किलोमीटरवर, ह्युरॉन सरोवराच्या काठी गोडरिच नावाचं गाव आहे. तिथे १८६६ साली खनिज तेल शोधायला भोक पाडलं तर मीठ लागलं. आज तिथे सरोवराच्या तळाखाली पाचशेहून जास्त मीटर खोल मिठाची खाण आहे, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण म्हणतात ती हीच. गंमत म्हणजे ग्वेल्फ आणि गोडरिच ही दोन्ही गावं १८२७ साली एकाच कंपनीने, कॅनडा कंपनीने वसवली. मुलुंड-भांडुपची मिठागरं रेल्वेतून बघत वाढलेल्या माणसाला मीठ जमिनीखालून खणून काढतात हे पहिल्यांदा ऐकून खोटंच वाटलं होतं.

ह्या मिठाने माणसांचे जीव वाचतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. ग्वेल्फचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं जमिनीखालून येतं, त्यामुळे इथे मीठ हा नुसता गाडीवाल्यांच्या कुरकुरीचा विषय नाही. २००१ सालीच कॅनडाच्या पर्यावरण खात्याने रस्त्यावरच्या मिठाला पर्यावरणासाठी घातक ठरवलं होतं. मीठ टाकणं अर्थातच थांबलं नाही, थांबणारही नाही. आता जरा कमी आणि मोजून टाकतात, इतकंच.

गाडीचं काय होतं? लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागते, आणि पाण्यात मीठ असेल तर ते काम झपाट्याने होतं. त्यातही एक गोष्ट इथे आल्यावरच कळली. कडाक्याच्या थंडीत गाडी फार गंजत नाही. गंजते ती बर्फ वितळायच्या दिवसांत, आणि त्याहून जास्त ती मायेने उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर! बाहेर उणे पंधरात गोठून निपचित पडलेलं खारं पाणी गॅरेजच्या उबेत जागं होतं आणि रात्रभर पत्रा खातं. म्हणून माझी जीप बाहेर बर्फात उभी असते आणि गॅरेजात सायकली, कुंड्या आणि माझी हत्यारं आरामात राहतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे क्रूर वाटतं.

दुसरा प्रकार म्हणजे खालून काळा रबरी लेप मारून घेणे. तो वरून छान दिसतो. त्याला कुठे बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. माझं मत विचाराल तर साधं तेल बरं, दर ऑक्टोबरला खालून फवारायचं. अंगणात आठवडाभर ठिबकतं आणि घरात बोलणी बसतात, पण तेल हलतं, सांध्यात शिरतं, पाण्याला बाहेर ढकलतं.

आता कामाचा एक नमुना सांगतो. चेरोकीच्या मागच्या चाकांना ब्रेकचं तेल नेणारी पोलादी नळी जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाड असते. ती गाडीच्या पोटाखालून जाते. गेल्या वर्षी ती हाताने चाचपताना जरा फुगीर लागली. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे गंजलेली नळी बारीक होण्याआधी जाड झाल्यासारखी वाटते. तारेच्या ब्रशने घासलं तर खपल्या निघाल्या आणि खाली खड्डे. ब्रेक मात्र अगदी व्यवस्थित लागत होते. हाच ह्या प्रकरणातला धोका आहे. अशी नळी फुटेपर्यंत शंभर टक्के काम करते आणि फुटते ती तुम्ही जोरात ब्रेक दाबता तेव्हा, म्हणजे नेमकी गरज असताना.

एका गॅरेजने नऊशे डॉलर सांगितले. सामान आलं ऐंशी डॉलरचं. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची नळी गुंडाळीवर मिळते, ती गंजत नाही आणि हाताने वाकते. नुसत्या तांब्याची नळी मात्र ब्रेकला चालत नाही. कष्ट आहेत ते टोकं बसवण्यात. नळीचं टोक दोनदा दुमडून पंचेचाळीस अंशांचा गळा करावा लागतो, त्याला वेगळं हत्यार लागतं. काही दुकानं ते अनामत घेऊन उसनं देतात, ही इथली मला फार आवडलेली सोय. जुने नट अर्थातच सुटले नाहीत. गंज सोडवायचं तेल तीन दिवस मारलं, टॉर्चने तापवले, पान्याने गोल केले आणि शेवटी कापले. मग हवा काढायचा कार्यक्रम. आधी सर्वांत लांबचं चाक, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, मग पुढचं उजवं आणि शेवटी पुढचं डावं. ह्याला दोन माणसं लागतात. बायको आत बसून पेडल दाबणार आणि मी खालून बोल्ट सोडणार.

"दाब... धरून ठेव... आता सोड."

"अरे, अजून किती वेळा?"

"बुडबुडे संपेपर्यंत."

"कधी संपतात?"

ह्या प्रश्नाला पीएच.डी.चा उपयोग होत नाही.

मागच्या पाट्यांचे बोल्ट हे तर स्वतंत्र पुराण आहे. बोल्ट रबरी बुशमधल्या पोलादी नळीतून जातो, दोघांच्या मध्ये खारं पाणी शिरतं आणि दहा-पंधरा वर्षांनी बोल्ट आणि नळी एकजीव होतात. पलीकडचा नट बंद पेटीच्या आत वेल्ड केलेला. तो निसटला की पेटीला भोक पाडण्यावाचून गत्यंतर नाही. दोन शनिवार आणि कटरची पाच पाती. पुढे जातो.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की ओंटारिओत ह्या गाडीला तिचं वय कोणीही विचारत नाही. जुनी गाडी विकायची किंवा दुसऱ्याच्या नावावर रस्त्यावर चालवायला द्यायची तर सुरक्षिततेचा दाखला लागतो. तो सरकारी कारकून देत नाही. परवाना असलेलं खाजगी गॅरेज देतं, तपासणी करून सही करणारा परवानाधारक मेकॅनिक असतो आणि दाखला ३६ दिवस चालतो. २०१६ सालापासून नियम आणखी कडक झाले. ब्रेकची जाडी मोजून लिहावी लागते, गाडी रस्त्यावर चालवून बघावी लागते. जमिनीच्या पत्र्याला आरपार भोक, सांगाड्याला गंज, ब्रेकच्या नळ्या खाल्लेल्या, स्टिअरिंगचे सांधे ढिले, ह्यातलं काहीही असलं की नापास. गाडी पाच वर्षांची असो की पस्तीस. खोटी सही केली तर गॅरेजचा आणि मेकॅनिकचा परवाना, म्हणजे त्यांची भाकरी, धोक्यात येते.

ही व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. गाडी विकलीच नाही तर पुन्हा कधी तपासणी होत नाही, त्यामुळे अंगणातल्या अंगणात मरायला टेकलेल्या गाड्या हमरस्त्यावर ११० च्या वेगाने जाताना दिसतात. धुराची तपासणी इथे १९९९ मध्ये सुरू झाली आणि खाजगी गाड्यांसाठी २०१९ मध्ये बंद केली, ते मला पटलेलं नाही. पण मूळ कल्पना मला बरोबर वाटते. गाडीखाली कोणीतरी जायचं, जे दिसेल त्यावर सही करायची आणि सहीची जबाबदारी घ्यायची.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या मामांकडे देशावरच्या एका तालुक्याच्या गावी १९९६ सालची महिंद्राची जीप आहे. उघडी, ताडपत्रीची, प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं डिझेल इंजिन. शेतात खत न्यायला, ऊसतोडीच्या दिवसांत माणसं न्यायला, आणि लग्नसराईत अख्ख्या भावकीला न्यायला. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि माझी चेरोकीही त्याच विलीजच्या वंशातली, मालक तेवढे बदलत गेले. म्हणजे मामाची जीप आणि भाच्याची जीप ही एकमेकींची नात्यातलीच. मागच्या खेपेला मी घरी गेलो तेव्हा सवयीने आधी मामांच्या जीपखाली शिरलो. मामी म्हणाल्या, "अरे, कपडे तरी बदल!"

खालून ती जीप बघून मला हेवा वाटला. चासीवर वरवरचा तांबूस गंज, नखाने निघेल इतका. बोल्टांचे आटे दिसत होते! कोरड्या हवेत लोखंड किती टिकतं ते बघायचं असेल तर आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या गाड्यांखाली शिरावं. (कोकणातल्या मंडळींनी हसू नये, खारं वारं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.) शिवाय तिला शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे. वरचा पत्रा कुजला तर नवा ठोकता येतो. माझ्या चेरोकीला वेगळी चासी नाही, पत्रा हाच सांगाडा आहे, त्यामुळे तिचा पत्रा गेला की गाडी गेली. निव्वळ यंत्र म्हणून बघितलं तर वयाने मोठी असून मामांची जीप माझ्या जीपपेक्षा तरुण आहे.

कागदावर मात्र ती म्हातारी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. पूर्वी सहाशे रुपये असलेलं मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये दहा हजार केलं. सरकारी गाड्या तर एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झाली की सरसकट मोडीत. दिल्लीत हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये तिथे जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा प्रयोग झाला आणि काही दिवसांत गुंडाळला. ऑगस्टमध्ये न्यायालय म्हणालं की नुसत्या वयावरून कारवाई नको, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. ह्या धरसोडीत एक बरी गोष्ट आहे. शेवटच्या पायरीला निकष जन्मसालावरून सरकून गाडी कुठल्या मानकाची आहे इथे आला.

मग मुळात वयाचा निकष कोणाला सुचला असेल? मला वाटतं, ज्याला आपल्याच तपासणीवर विश्वास नाही त्याला. मामांना एका एजंटाने सांगितलं होतं, "गाडी आणायची गरज नाही, कागद द्या, काम होऊन जाईल." अशी कामं होऊन जातात हे सगळ्यांना माहीत आहे, धोरण आखणाऱ्यांनाही. तेव्हा गाडी न बघता पास करणाऱ्या व्यवस्थेवर उपाय म्हणून गाडी न बघता नापास करणारा नियम येतो. दोन्हीकडे गाडीखाली कोणी जात नाही. ज्याने गाडी राखली आणि ज्याने गाडी पिळून काढली, दोघांना एकच न्याय. मग गाडी राखायची कशाला?

इथे धुराचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. माझ्या चेरोकीला धूर साफ करणारा कन्व्हर्टर आहे, बिघडला तर गाडीचा संगणक दिवा लावतो, आणि पन्नास डॉलरच्या यंत्राने बिघाडाचा क्रमांक मला घरी वाचता येतो. मामांच्या जीपला ह्यातलं काही नाही. १९९६ साली आपल्याकडे डिझेल गाड्यांना ते लागतच नव्हतं. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच ठरवलं आहे. मिस्त्री कितीही हुशार असला तरी जुन्या डिझेलचं बीएस-६ होणार नाही. ही जीप रोज पुण्याच्या रस्त्यावर धावणार असेल तर ती बंद करावी, असंच मी म्हणेन, मामांची असली तरी.

पण प्रश्न किती आणि कुठे चालते हा आहे. माझ्याच गाडीचा हिशोब करतो. ती शंभर किलोमीटरला चौदा लिटर पेट्रोल पिते, जे लाजिरवाणं आहे. वर्षाला आठ हजार किलोमीटर म्हणजे अकराशे लिटर, म्हणजे अडीच टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. सात लिटरवाली नवी गाडी घेतली तर सव्वा टन वाचेल. नवी गाडी बनवताना मात्र आधीच सहा-सात टन हवेत गेलेले असतात, ते फिटायला पाच वर्षं. हेच मी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर चालवत असतो तर दोन वर्षांच्या आत फिटले असते आणि जीप ठेवणं हा शुद्ध हट्ट ठरला असता. म्हणजे जुनी गाडी ठेवावी, पण फार चालवू नये. मामांची जीप वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही आणि त्यातले निम्मे बांधावरून. तिला आणि रोज तीनशे किलोमीटर पळणाऱ्या वडापच्या गाडीला एकाच मापाने मोजणं कुठल्या हिशोबात बसतं?

स्वयंचलित तपासणी केंद्रं आपल्याकडे उभी राहताहेत, ती यावीत. रोलरवर ब्रेक मोजला जाईल, धूर मोजला जाईल, एजंटाला तिथे वाव कमी. पण वर सांगितलेली माझी ती खड्डे पडलेली नळी रोलरवर पहिल्या वर्गात पास झाली असती. ती बघायला हात आणि डोळा लागतो, आणि तो आपल्याकडे आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावात एकतरी मिस्त्री असा असतो की जो गाडी अंगणात शिरताना आवाजावरून सांगतो की पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. मी पत्र्याच्या थकव्यावर चारशे पानी प्रबंध लिहिला, पण हे मला येत नाही. ह्या माणसाला परीक्षा घेऊन परवाना द्यायचा, त्याच्या सहीला किंमत द्यायची आणि खोट्या सहीला शिक्षा, हे आपल्याला का सुचू नये? आपण त्याला आयुष्यभर 'ए मिस्त्री' म्हणून हाक मारतो आणि सही घ्यायला जातो त्याच्याकडे, ज्याने पाना कधी हातात धरलेला नाही.

अर्थात त्या मिस्त्रीला पुढे काम तरी करू दिलं पाहिजे. नव्या गाड्यांमध्ये निम्मी दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या कुलपाआड असते. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा बदलून दुरुस्तीसाठी असं कुलूप उघडायला मोकळीक दिली. आपल्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ काढलं, त्याच्या मागे कायदा अजून यायचा आहे. हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

मामांचं नूतनीकरण ह्या वेळी आलं तेव्हा फोनवर म्हणाले, "तू शिकलेला, तूच सांग. घालू का मोडीत?"

मी म्हटलं, "मामा, तुम्ही एजंटाला देऊ नका. आधी मिस्त्रींना ती खड्ड्यावर घेऊन खालून नीट बघायला सांगा. ब्रेकच्या नळ्या, किंगपिन, चासीचे जोड. आणि धूर काळा का येतो ते."

दोन दिवसांनी मिस्त्रींचा निरोप आला. चासी ठणठणीत, किंगपिनला खेळ आहे, मागची एक नळी बदलायला हवी, काळा धूर नोझलमुळे. पंप आणि नोझल जिल्ह्याच्या गावी कामाला पाठवलं आहे. गाडी स्वतः तपासणीला न्यायची आणि पावत्या सगळ्या जपून ठेवायच्या, असं ठरलं आहे.